कगालागादीची सफारी: कोरड्या नद्यांच्या काठचा मुक्काम

आफ्रिकेतली सफारी म्हटली की हत्ती, गेंडा, रानम्हैस, सिंह आणि बिबट्या ही पाच नावे पुढे येतात आणि बहुतेक पर्यटक ती यादी पुरी करण्याच्या ईर्ष्येनेच निघतात. ज्यांना ती यादी पुरी करायची आहे त्यांनी दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना यांच्या सीमेवरच्या कगालागादी ट्रान्सफ्रंटिअर पार्ककडे वळू नये, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. इथल्या फेऱ्यांमध्ये हत्ती, गेंडे आणि रानम्हशी भेटत नाहीत. मात्र पाण्याच्या टंचाईत एक अख्खे रान कसे जगते, कोण कोणाच्या आधाराने राहते, कोण रोज पाण्यावर येते आणि कोण पाण्यावाचून महिनेच्या महिने काढते, हे इतक्या उघड्यावर दाखवणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही. इथे काय काय दिसले, यापेक्षा किती वेळ स्वस्थ बसून पाहता आले, यावर या सफारीची किंमत ठरते असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे मी त्याच कसोटीवर घासून लिहितो आहे.

उद्यानाचे एकूण क्षेत्र सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर असून त्यातला साधारण पाऊण हिस्सा बोत्स्वानात आणि उरलेला दक्षिण आफ्रिकेत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला १९३१ साली कलाहारी गेम्सबॉक राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि २००० साली दोन्ही देशांची उद्याने एक करून आजचे संयुक्त उद्यान उभे राहिले. दोन देशांमधली सीमा नोसोब नदीच्या पात्रातून जाते. तिथे कुंपण नाही, फक्त अधूनमधून पांढरे सीमास्तंभ दिसतात, त्यामुळे पात्राच्या एका काठावर बसलेला सिंह उठून दुसऱ्या काठावर गेला की तो दुसऱ्या देशात गेलेला असतो. पश्चिमेला मात्र नामिबियाच्या सीमेवर कुंपण आहे. पाऊस वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही लहरी. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि हिवाळ्यातल्या रात्री शून्याच्या खाली उतरतो. पहाटेच्या फेरीला निघताना जाड लोकर अंगावर आणि दुपारी त्याच गाडीत पातळ सुती सदरा, अशी दोन्ही तयारी एकाच दिवसात लागते.

सफारीचे सारे रस्ते दोन नद्यांना धरून आहेत. ऑब आणि नोसोब अशी त्यांची नावे, पण नदी म्हणून जे डोळ्यांपुढे येते ते इथे काहीच नाही. पात्रे रुंद, सपाट आणि गवताळ आहेत, दोन्ही काठांवर चुनखडीचे कंगोरे आणि त्यांच्या मागे लाल वाळूच्या टेकड्यांच्या रांगा. पाणी खळाळत वाहण्याचा प्रसंग ऑबच्या नशिबी काही वर्षांतून एखादा येतो आणि नोसोबच्या नशिबी त्याहूनही क्वचित. तरीही सगळे जीवन या पात्रांकडेच ओढले जाते, कारण इथली माती वाळूपेक्षा सकस असते, जमिनीखालची ओल मुळांना सापडते आणि पाऊस झाला की पहिले कोवळे गवत इथेच उगवते. ट्वी रिव्हिअरन, माटा-माटा आणि नोसोब असे तीन मुख्य कॅम्प आहेत. ट्वी रिव्हिअरन दक्षिणेच्या प्रवेशद्वाराशी आहे. तिथून ऑबच्या काठाने माटा-माटा सुमारे १२० किलोमीटर आणि नोसोबच्या काठाने नोसोब कॅम्प सुमारे १६० किलोमीटर पडतो. वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे आणि ती पाळूनही थांबत थांबत गेले तर नोसोबला पोहोचायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ जातो. नकाशावर दोन बोटांचे वाटणारे हे अंतर ज्यांनी गृहीत धरले त्यांची सफारी धावपळीतच संपते, कारण कॅम्पची दारे सूर्याबरोबर उघडतात आणि सूर्याबरोबर बंद होतात. उशिरा येणाऱ्याला दंड होतो आणि ते योग्यच आहे.

पाणवठ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सफारीचा खरा आनंद तिथेच आहे आणि माझ्या मनातली एक अस्वस्थताही तिथेच आहे. ऑबच्या काठचे बरेचसे पाणवठे नैसर्गिक नाहीत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा, १९१४ च्या सुमारास, त्या वेळच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेवर, म्हणजे आजच्या नामिबियावर, चाल करून जाणाऱ्या फौजेला पाणी मिळावे म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने या पात्रात ओळीने बोअर खणले आणि त्यांच्या राखणीसाठी माणसे नेमली. फौजेला या वाटेची गरज पडली नाही, पण राखणदार कुटुंबकबिल्यासह इथेच राहिले. त्यांच्यापैकी एकाचे दगडी घर ऑक्टरलोनी या पाणवठ्याशेजारी पुन्हा बांधून जतन केले आहे. त्या घराच्या दोन खोल्यांत उभे राहिले की या उजाड पात्रात एका कुटुंबाने दिवस कसे काढले असतील याची कल्पना येते. मी तरी प्रत्येकाला तिथे पंधरा-वीस मिनिटे थांबायला सांगेन. ऑबच्या काठी डॅलकीथ, मन्रो, क्रेग लॉकहार्ट अशी स्कॉटिश वळणाची नावे भेटतात, एका ठिकाणाला तर नुसते 'चौदावे बोअर' म्हणतात, आणि वाळवंटात ही नावे वाचताना आधी नवल वाटते.

अस्वस्थता अशी की पात्रात कायमचे पाणी ठेवल्याने प्राण्यांची मूळची भटकंती बदलते. ओल संपली की दूरवर पांगणारे कळप पाण्याभोवती रेंगाळतात, तिथले गवत जास्त चरले जाते आणि शिकारी प्राण्यांनाही आयते ठिकाण मिळते. नामिबियाच्या बाजूच्या कुंपणाने पश्चिमेची वाट अडवल्यावर पाणवठे बंद करणेही सोपे राहिलेले नाही, हे मला समजते. पवनचक्क्यांच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी सौरपंप आले आहेत आणि पाणी पूर्वीपेक्षा भरवशाने मिळते. पर्यटक म्हणून आपला फायदा याच पाण्यामुळे होतो. म्हणून समोर जे दिसते आहे त्यात माणसाचा हात किती, याची जाणीव माहितीफलकांवरून अधिक ठळकपणे करून दिली जावी असे मला मनापासून वाटते. आजच्या फलकांवर पाणवठ्याचे नाव असते, पण त्याची हकीकत नसते.

आता बसण्याबद्दल. नोसोब कॅम्पच्या उत्तरेला क्युबिट्जे क्वाप नावाचा पाणवठा आहे. सूर्य उगवून दोनेक तास झाले की तिथे पाखुर्ड्यांचे थवे येऊ लागतात. आधी फक्त आवाज येतो, मग आकाशात ठिपके दिसतात, थवा दोन-तीन घिरट्या घालतो आणि पाण्यापासून काही अंतरावर उतरतो. लगेच पाण्यावर कोणी जात नाही. सगळ्या माना वर करून उभ्या राहतात, मग एक पाऊल, दोन पावले आणि अचानक सगळे एकदम पाण्याच्या कडेला. नर पाण्यात पोट बुडवून बसतात, कारण त्यांच्या पोटाची पिसे पाणी धरून ठेवतात आणि ते पाणी दूरच्या घरट्यातल्या पिलांपर्यंत नेले जाते. याच वेळी होल्यांचीही गर्दी असते आणि त्या गर्दीसाठी लॅनर ससाणा जवळच्या वाळक्या झाडावर आधीच येऊन बसलेला असतो. तो सुटतो तेव्हा शेकडो पंखांचा फडफडाट एकदम होतो, धूळ उडते आणि काय झाले ते कळायच्या आत ससाणा होला घेऊन निघूनही गेलेला असतो. कधी काळ्या पाठीचा कोल्हा कडेच्या झुडपातून झेप घेऊन उडत्या पाखुर्डीला हवेतच तोंडात धरतो. मी तिथे सकाळच्या सकाळ बसून राहिलो आहे आणि त्या वेळात सिंह शोधत फिरणाऱ्या गाड्या येत, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटे पाहत आणि 'इथे काही नाही' असा चेहरा करून निघून जात. त्या सकाळी जे घडले तेवढ्यासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन.

पाणी लागत नाही अशांची गोष्टही तितकीच पाहण्यासारखी आहे. उद्यानाला मुळात ज्याच्या रक्षणासाठी हद्दी मिळाल्या तो गेम्सबॉक, म्हणजे लांब सरळ शिंगांचा ओरिक्स, भर दुपारी वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर वारा घेत उभा असतो. त्याच्या मेंदूकडे जाणारे रक्त नाकातून परतणाऱ्या थंड रक्ताच्या शेजारून बारीक वाहिन्यांच्या जाळीतून जाते आणि निवते, त्यामुळे अंग तापले तरी मेंदू तापत नाही. पिण्याचे पाणी नसले तर तो रानटी कलिंगडावर भागवतो. त्साम्मा नावाचे हे फळ मुठीहून थोडे मोठे, हिरव्या पट्ट्यांचे असते आणि पावसाच्या चांगल्या वर्षी वाळूवर वेलीच्या वेली पसरतात. गेम्सबॉकच नव्हे, तपकिरी तरसही ते खाते. रस्त्याकडेला अर्धवट कुरतडलेली त्साम्मा फळे दिसली तर गाडी थांबवून आसपासचे ठसे पाहावेत. मात्र खिडकीतूनच, कारण ठरवून दिलेल्या सहल-थांब्यांखेरीज कुठेही गाडीतून उतरण्यास सक्त मनाई आहे.

झाडांमध्ये काटेरी कॅमलथॉर्न, म्हणजे बाभळीचा एक थोरला नातेवाईक, पात्रावर राज्य करतो. त्याच्या फांद्यांवर सोशिएबल वीव्हर या चिमणीएवढ्या पक्ष्यांची सामाईक घरटी असतात. ती दुरून गवताची गंजी झाडावर टाकल्यासारखी दिसतात. खालून पाहिले तर तिच्या तळाला असंख्य भोके असतात आणि प्रत्येक भोक एका जोडप्याच्या खोलीचे दार असते. आतल्या खोल्या हिवाळ्याच्या रात्री बाहेरच्यापेक्षा उबदार राहतात. याच घरट्यातली रिकामी खोली पिग्मी फाल्कन हा आफ्रिकेतला सर्वांत लहान शिकारी पक्षी घेतो आणि पिवळाजर्द केप कोब्रा अंड्यांच्या शोधात फांदीवरून आत शिरतो. दुसरे झाड शेफर्ड्स ट्री. खोड पांढुरके, पालवी दाट आणि सावली इतकी चांगली की दुपारी तिच्याखाली कोणी ना कोणी बसलेले सापडतेच. कलाहारीत बोअर खणताना या झाडाचे मूळ ६८ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे. दुपारी बाराच्या उन्हात गाडी फिरवण्यापेक्षा ही झाडे एकेक करून दुर्बिणीने तपासत जावे. बिबट्या, चित्ता किंवा सिंहांचे कुटुंब सावलीच्या गोल डागात सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त तिथेच असते.

इथल्या सिंहांच्या गडद आयाळीची ख्याती मोठी आहे आणि ती खरी आहे. पण मला जास्त धरून ठेवले ते रातेलाने, म्हणजे हनी बॅजर या जमीन उकरून शिकार करणाऱ्या प्राण्याने. नोसोबच्या काठावरच्या एका उतारावर तो उंदीर आणि सरडे खणून काढत होता आणि त्याच्या पाठोपाठ, हातभर अंतरावर, पेल चांटिंग गॉसहॉक हा राखाडी, लांब केशरी पायांचा शिकारी पक्षी चालत होता. रातेल एका बिळात तोंड घाली, वाळू मागे उडवी, दुसऱ्या तोंडातून उंदीर पळे आणि पक्षी त्याच्यावर झडप घाली. रातेल भुकेला राही असे नाही, त्यालाही मिळत होते. पण या भागीदारीत फायदा कोणाचा जास्त, हे पाहताना तासभर कसा गेला ते कळले नाही. माळढोकाचा आफ्रिकेतला भाऊबंद असलेला कोरी बस्टर्डही या पात्रातून जमिनीकडे पाहत संथपणे चालत जातो आणि आपल्याकडे माळढोकाची काय अवस्था झाली आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला त्याला इतक्या निर्धास्तपणे चालताना पाहून आनंद आणि दुःख एकदमच होते.

ऋतू निवडताना बहुतेक मार्गदर्शिका कोरड्या हिवाळ्याची शिफारस करतात. इतर उद्यानांना ते लागू असेल; इथे मात्र पावसानंतर पात्रांत गवत आले की स्प्रिंगबॉक, वाइल्डबीस्ट आणि हार्टबीस्ट या कुरंगांचे कळप तिथे उतरतात आणि कोरडा काळ लांबला की ते वाळूच्या प्रदेशात पांगतात. त्यामुळे पावसाळ्याचा शेवट, म्हणजे साधारण मार्च ते मे, हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. उष्माही सोसवण्याजोगा होतो आणि संध्याकाळच्या उजेडात लाल टेकड्यांवरचे गवत सोनेरी दिसते. जून-जुलैमध्ये आकाश स्वच्छ असते, पण पहाटेची थंडी उघड्या गाडीत बसणाऱ्याची परीक्षा पाहते.

मुक्कामाच्या सोयींमध्ये दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक मोठा आहे. मुख्य कॅम्प कुंपणाच्या आत आहेत. तिन्ही ठिकाणी इंधन, दुकान, झोपड्या आणि तंबूंची जागा मिळते. उपाहारगृह मात्र फक्त ट्वी रिव्हिअरनला आहे आणि मोबाईलची रेंजही तिथेच येते. दुकानांत गोठवलेले मांस, डबाबंद पदार्थ, लाकूड आणि बर्फ मिळतो. ताज्या भाज्या आणि फळे भरवशाने मिळतील असे समजू नये. शाकाहारी मंडळींनी सारा शिधा उद्यानाबाहेरच्या अपिंग्टन शहरातच भरून घ्यावा. नोसोबच्या कॅम्पला पाणवठ्याकडे तोंड केलेले एक लपणघर आहे, ते रात्रीही उघडे असते आणि मंद दिव्याच्या उजेडात पाण्यावर येणारे तरस पाहण्यासाठी झोप मोडण्याइतके ते मोलाचे आहे.

दुसरा प्रकार वनकॅम्पचा. ऑबच्या पात्राकाठचा उरिकारूस, लाल टेकडीच्या कुशीतला कीलीक्रान्की, उत्तरेचा ग्रूटकोल्क, आणि फक्त फोर बाय फोर गाड्यांनाच जाता येईल असे बिटरपॅन आणि घारागाब. या कॅम्पना कुंपण नाही, दुकान नाही, आणि एका वेळी मोजकीच माणसे तिथे राहतात. राखणीला सशस्त्र मदतनीस असतो. उरिकारूसच्या खोल्या खांबांवर उचललेल्या आहेत आणि समोर पाणवठा आहे. तिथे गाडी चालवण्याची गरजच उरत नाही. ओसरीवर बसावे, चहा करावा आणि जे येईल ते पाहावे. रात्री सिंहाची डरकाळी खोलीच्या फळ्यांतून जाणवते. बारा वर्षांखालच्या मुलांना या कॅम्पमध्ये प्रवेश नाही आणि तो नियम मला अगदी रास्त वाटतो. लहान मुलांसह जाणाऱ्यांसाठी माटा-माटाजवळचा कलाहारी टेंटेड कॅम्प आहे, तिथे ही अट नाही. खर्च मुख्य कॅम्पपेक्षा जास्त येतो, पण एका रात्रीची काटकसर करायची असेल तर ती इतर कुठे तरी करावी, इथे नाही.

स्वतःची गाडी चालवावी की मार्गदर्शकाबरोबर जावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. स्वतःच्या गाडीचा मोठा फायदा असा की हवे तितके थांबता येते आणि या उद्यानाचे सारे काही थांबण्यातच आहे. कॅम्पतर्फे निघणाऱ्या पहाटेच्या, संध्याकाळच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांमध्ये उंच उघडी गाडी असते आणि दारे बंद असण्याच्या वेळेतही बाहेर राहण्याची मुभा केवळ त्यांनाच असते. रानमांजर, मोठ्या कानांचा खोकड आणि तपकिरी तरस ही निशाचर मंडळी पाहायची असतील तर रात्रीची एक फेरी घ्यावीच. ती मुक्कामाच्या सुरुवातीला घ्यावी, कारण मार्गदर्शक ज्या खुणा दाखवतो, म्हणजे वाळूवरचे ताजे ठसे, खारींचा इशारा देणारा चीत्कार, एकाच दिशेला रोखलेल्या स्प्रिंगबॉकच्या माना, त्या मग पुढचे सारे दिवस स्वतःच्या गाडीतून ओळखता येतात.

रस्ते ही या सफारीची दुखरी बाजू आहे. अपिंग्टनपासून प्रवेशद्वारापर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर डांबरी आहेत, आत मात्र खडी आणि वाळू. सुट्ट्यांच्या हंगामात वाहतूक वाढली की रस्त्यावर आडव्या लाटा उठतात आणि गाडीतले सगळे सांधे खुळखुळतात. प्रवेशद्वारापाशी चाकांतली हवा कमी करून घ्यावी; त्याने धक्के कमी होतात आणि रस्ताही कमी उखडतो. उंच बांधणीची गाडी असेल तर ऑब आणि नोसोबच्या मुख्य रस्त्यांसाठी फोर बाय फोरची सक्ती नाही. भाड्याने गाडी घेताना जादा चाक स्वतः खाली काढून तपासावे. मला मिळालेल्या गाडीचे जादा चाक झिजून गुळगुळीत झालेले होते आणि ती भाड्याने देणाऱ्या कंपनीने 'तपासून दिली आहे' असे कागदावर लिहून दिले होते. नोसोबपासून दूर चाक फुटले तेव्हा त्या कागदाचा काही उपयोग झाला नाही, मागून आलेल्या एका कुटुंबाने मदत केली. खडीच्या रस्त्यावर टायर आणि काच यांचे नुकसान साध्या विम्यात सहसा धरलेले नसते, तेही करार वाचून घ्यावे. प्रत्येक माणसामागे पुरेसे पाणी गाडीत कायम ठेवावे. मुख्य रस्त्यावरही दुसरी गाडी दिसायला बराच वेळ लागू शकतो.

बोत्स्वानाच्या बाजूचा माबुआसेहुबेचा पट्टा या सगळ्याहून वेगळा आहे. तिथे कोरडी तळी आहेत, कुंपण नसलेल्या तंबूच्या जागा आहेत आणि फोर बाय फोरशिवाय जाताच येत नाही. वाळवंटात आधी गाडी चालवलेली नसेल तर पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

या भूमीचे मूळ रहिवासी कोमानी सान यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. उद्यान झाल्यावर त्यांना हळूहळू बाहेर पडावे लागले, शिकारीवर बंदी आली आणि त्यांची वस्ती विखुरली. १९९९ साली त्यांचा जमिनीवरचा दावा मान्य झाला आणि २००२ च्या करारानुसार उद्यानाच्या दक्षिण भागात सान आणि शेजारचा मीअर समाज यांना प्रत्येकी पंचवीस-तीस हजार हेक्टर जमीन परत मिळाली. युनेस्कोने २०१७ साली या प्रदेशाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती याच लोकांच्या सांस्कृतिक भूप्रदेशासाठी. काऊस हा लॉज या दोन समाजांच्या मालकीचा आहे, वाळूच्या टेकड्यांच्या ओळी ओलांडून एका कोरड्या तळ्याकाठी उभा आहे, आणि तिथे सान वाटाड्यांबरोबर पायी फिरता येते. माझ्याबरोबरच्या वाटाड्याने वाळूवरचा एक बारीक, तुटक माग दाखवून रात्री कोणता विंचू कुठून निघाला, कुठे थांबला आणि कोणत्या बिळात शिरला हे सांगितले व ते बीळही दाखवले. गाडीतून इतके दिवस जे निव्वळ लाल वाळू म्हणून पाहिले होते, त्यावर रात्रभराचा सगळा व्यवहार लिहिलेला आहे हे त्या पायी फेरीतच समजले. एका रात्रीचा का होईना, मुक्काम तिथे जरूर ठेवावा. पैसा थेट त्यांच्यापर्यंत जातो हेही कारण पुरेसे आहे.

प्रवेशशुल्क दिवसागणिक आणि माणसागणिक रँडमध्ये आकारले जाते आणि परदेशी पर्यटकांना ते स्थानिक नागरिकांच्या सुमारे चौपट पडते. मुक्काम लांबवायचा असेल किंवा दक्षिण आफ्रिकेतली आणखी उद्याने पाहायची असतील तर वाइल्ड कार्ड हा वार्षिक पास घेऊन हिशेब करून पाहावा. बहुतेक वेळा तो स्वस्त पडतो. भारतीय पारपत्रावर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. उद्यानातून ज्या देशाच्या दाराने आत आलो त्याच दाराने बाहेर पडणार असू तर आत वेगळे सोपस्कार नाहीत, पण माटा-माटामार्गे नामिबियात किंवा पलीकडे बोत्स्वानात उतरायचे असेल तर पारपत्र तपासणी करून घ्यावी लागते आणि उद्यानात किमान दोन रात्री राहण्याची अट आहे.

आरक्षण ११ महिने आधी खुले होते आणि वनकॅम्प पहिल्या काही दिवसांतच भरतात, म्हणून आधी उरिकारूस आणि कीलीक्रान्कीच्या रात्री पक्क्या कराव्यात आणि मुख्य कॅम्प त्यांच्या भोवती बसवावेत. पहिल्या खेपेला निदान आठवडाभर तरी हाताशी असावा. ट्वी रिव्हिअरनला एक रात्र पुरे, नोसोबला निदान तीन, आणि ऑबच्या काठी जितक्या मिळतील तितक्या. तीन दिवसांची रजा असेल तर फक्त ऑबच्या बाजूला राहावे आणि नोसोब पुढच्या खेपेसाठी ठेवावे. दोन्ही पात्रे तीन दिवसांत उरकणाऱ्यांना दोन्हींतले काहीच नीट दिसत नाही.